मुक्या प्राण्यांची साक्ष



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी बोनस, संप किंवा ठेकेदारी यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो असा : औषधे आणि रसायने माणसापर्यंत येण्याआधी प्राण्यांवर जे प्रयोग होतात, त्यांविषयी. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कामगार संघटनेचा माणूस उंदीर-सशांवर काय बोलणार, ही त्यांची शंका रास्तच होती.

मी शास्त्रज्ञ नाही. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले, ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत संघटनेचे काम करताना एक प्रश्न वारंवार माझ्या पुढ्यात आला. आमचा माणूस आजारी पडे आणि विचारी, 'या पिंपात काय होते, आणि ते घातक आहे हे कोणाला आधी ठाऊक होते का?' या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला त्या प्राण्यांची गाठ पडली. त्यांनी काय सांगितले आणि आपण त्यांचे किती ऐकले, एवढेच मी आज आपणापुढे मांडणार आहे.

आरंभ मुंबईपासून करतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे पहिले रोगी आढळले आणि पाहता पाहता साथ शहरभर पसरली. त्या वेळी दोष कोणाला दिला गेला? चाळीत राहणाऱ्या गरीब माणसाला. त्याची घाण, त्याचा स्पर्श, त्याचे बिऱ्हाड हेच रोगाचे मूळ मानून घरे धुऊन काढली गेली, छपरांची कौले उतरवली गेली, माणसे छावण्यांत नेली गेली.

त्याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगाची लस तयार करीत होते. लस प्रथम सशांसारख्या प्राण्यांना टोचली गेली. मग १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांना दिली. आधी प्राणी, मग मोजकी माणसे, मग समाज. आज ज्याला 'प्रीक्लिनिकल' म्हणजे रुग्णापर्यंत जाण्यापूर्वीचे संशोधन म्हणतात, त्याची ही पहिली पायरी आपल्याच शहरात चढली गेली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात गेली. पुढे १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले.

लस आली, तरी रोग पसरतो कसा, हा प्रश्न उरलाच होता. सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीला पिसवांकडे बोट दाखवले होते. पण त्यांच्या म्हणण्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या आवारात मुद्दाम छोट्या कोठ्या बांधून प्रयोग केले. रोगी गिनीपिग आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसतील तर दोघे कितीही जवळ राहिले, एकत्र खाल्ले-प्याले, तरी निरोगी प्राण्याला रोग झाला नाही. पिसवा सोडल्या की रोग झाला. प्लेगच्या जागेत पिसवेची उडी पोहोचेल इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी दगावे, आणि उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेला वाचे.

या प्रयोगाचा अर्थ काय होतो, पाहा. गुन्हा उंदरावरच्या पिसवेचा होता, चाळकऱ्याच्या स्पर्शाचा नव्हता. गिरणगावातल्या माणसाच्या बाजूने कोणी वकील उभा नव्हता, तेव्हा पिंजऱ्यातल्या गिनीपिगांनी साक्ष दिली. म्हणून कोणी मला सांगू लागला की प्राण्यांवरचे प्रयोग म्हणजे निव्वळ क्रूरता आणि निरर्थक खटाटोप, तर मी परळचा माणूस ते मान्य करू शकत नाही.

परंतु साक्षीदाराला नीट प्रश्न विचारावा लागतो. त्यासाठी साहेबाच्या देशातले एक उदाहरण घेतो. १७७५ मध्ये लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी नोंदवले की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण अंगाला बसणारी काजळी. निष्कर्ष बरोबर होता. पण तो प्रयोगाने सिद्ध करता येत नव्हता. अनेकांनी प्राण्यांच्या अंगाला काजळी आणि डांबर लावून पाहिले. थोडे दिवस वाट पाहून त्यांनी प्रयोग सोडून दिला. शेवटी १९१५ मध्ये टोकियोच्या यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशाच्या कानाला कोळशाचे डांबर चोपडून कर्करोग निर्माण झाल्याचे दाखवले. त्यांची युक्ती साधी होती. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावायचे आणि हे वर्षाहून अधिक काळ चालू ठेवायचे. धुराडे झाडणारा मुलगा काजळीत वर्षानुवर्षे राहत होता, तेव्हा सशालाही तितक्या चिकाटीने विचारायला हवे होते. पॉटपासून इथवर यायला १४० वर्षे लागली.

आता ज्या गोष्टीने मला या विषयाकडे खेचले, तिच्याकडे येतो.

रंगांच्या एका कारखान्यात काम केलेले एक वयस्क गृहस्थ आमच्या कचेरीत आले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. लघवीतून रक्त जात होते. डॉक्टरांनी मूत्राशयाचा कर्करोग सांगितला. मामा तंबाखू ओढत नसत. तरुणपणी त्यांनी बरीच वर्षे भट्टीवर पिंपे रिकामी केली होती. पिवळे-तपकिरी हात घेऊन घरी जायचे, इतकेच त्यांना आठवत होते. मी वाचनालयात जाऊन मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता माझे मन खिन्न झाले. कारण या रोगाची आणि रंगकामाची जोडी फार जुनी निघाली. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील कामगारांचे असे तीन रोगी जगापुढे मांडले होते.

यातील एक मुख्य दोषी पदार्थ म्हणजे बीटा-नॅफ्थिलअमीन. तो उंदरांना दिला, तर त्यांना मूत्राशयाचा कर्करोग सहसा होत नसे. तेव्हा कारखानदार म्हणू शकत होते की पुरावा कुठे आहे? अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म ह्यूपर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. कंपनीच्या न्यू जर्सीतील डीपवॉटर येथील रंगकारखान्यात कामगारांना हाच रोग होत होता. ह्यूपर यांनी उंदीर सोडून कुत्रे निवडले. त्यांना दीर्घकाळ हा पदार्थ दिला, आणि कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी आल्या. हा निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

उंदीर गप्प आणि कुत्रा बोलला, असे का झाले? याचा उलगडा पुष्कळ नंतर झाला आणि तो समजण्यासारखा आहे. हा पदार्थ शरीरात गेला की यकृतात त्याचे रूप बदलते. बदललेले रूप रक्तातून लघवीत उतरते, मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते आणि त्याच्या अस्तराला इजा करते. असल्या पदार्थाला एक रासायनिक जोड लावून तो निरुपद्रवी करण्याची सोय बहुतेक प्राण्यांच्या शरीरात असते. कुत्र्यात ती सोय नाही. माणसात आहे, पण कोणात ती झटपट चालते आणि कोणात मंदपणे. ज्यांच्यात ती मंद चालते, अशा रंगकामगारांत या रोगाचे प्रमाण जास्त आढळले आहे. म्हणजे या एका बाबतीत आमचा मंद प्रकृतीचा कामगार उंदरापेक्षा कुत्र्याच्या अधिक जवळचा. कोणता प्राणी माणसाच्या जवळचा, याचे एकच उत्तर नाही. प्रश्नागणिक ते बदलते.

मग १९३८ नंतर काय झाले? ह्यूपर यांना तर त्याआधीच, १९३७ मध्ये, कंपनीने नोकरीवरून दूर केले होते. त्या कंपनीतले या पदार्थाचे उत्पादन १९५५ मध्ये थांबले. मधली १७ वर्षे भट्टीवर माणसे उभीच होती.

मामांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहो, कुत्र्याला झाला हे कळले होते ना? मग आम्हाला कोणी का नाही सांगितले?" त्यांच्या पिंपात नेमके काय होते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. पिंपावरचे नाव रंगाचा हात मारून झाकलेले असे आणि कारखान्याने कागद दाखवले नाहीत. मामा गेले. त्यांचा प्रश्न माझ्याजवळ राहिला, आणि आजचे व्याख्यान खरे तर त्याच प्रश्नावर आहे.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, तेव्हा विज्ञान बाल्यावस्थेत होते. तर अलीकडची ऐका. आपल्या घरात पी.व्ही.सी.चे नळ आहेत, तारांवरचे वेष्टन आहे. ते ज्या वायूपासून होते त्याचे नाव व्हिनाइल क्लोराइड. हा वायू ज्या मोठ्या हंड्यांत घट्ट करतात, ते खरवडून साफ करायला कामगार आत उतरत. त्यांच्या बोटांची हाडे टोकाकडून झिजत असत. व्हिओला या इटालियन डॉक्टरांनी हा बोटांचा विकार उंदरांत निर्माण होतो का, हे पाहण्यासाठी त्यांना हवेच्या दहा लाख भागांत ३०,००० भाग इतक्या प्रमाणात हा वायू हुंगायला लावला. रोज ४ तास, आठवड्याचे ५ दिवस, १२ महिने. ही तर आमची पाळीच झाली. १९७० मध्ये त्यांनी जाहीर केले की उंदरांना कर्करोग झाला.

कारखानदारांचे म्हणणे पडले की इतका दाट वायू कामगाराला मिळतच नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. म्हणून युरोपातील कंपन्यांनी बोलोन्याच्या चेझारे माल्तोनी यांच्याकडून कमी प्रमाणांवर प्रयोग करवून घेतले. १९७२ मध्ये त्यांना आढळले की दहा लाखांत २५० भाग इतक्या प्रमाणातही उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा नावाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग होतो. आणि अमेरिकेतील कारखान्यांत त्या वेळी ५०० भागांपर्यंत वायू कायदेशीर होता!

येथे विज्ञानाने आपले काम चोख केले होते. प्राणी योग्य, मार्ग योग्य, प्रमाण योग्य. पण अमेरिकी कंपन्यांनी युरोपीय कंपन्यांशी हे निष्कर्ष गुप्त ठेवण्याचा करार केला. १९७३ मध्ये तेथील सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेने या वायूविषयी माहिती मागवली, तेव्हाही हा निष्कर्ष तिच्यापुढे ठेवला गेला नाही. जानेवारी १९७४ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील बी. एफ. गुडरिच कंपनीने जाहीर केले की आपल्या कारखान्यातील तीन कामगार यकृताच्या याच दुर्मीळ कर्करोगाने मृत्यू पावले आहेत. कारखान्याच्या डॉक्टरांनाच हा योगायोग नव्हे असे जाणवले होते. मग मात्र चक्रे हलली. त्याच वर्षी मर्यादा ५०० वरून प्रथम ५० वर आणि नंतर १ भागावर आणण्याचा नियम झाला. धंदा बुडेल अशी ओरड झाली. धंदा बुडाला नाही. बंदिस्त यंत्रे बसली आणि पी.व्ही.सी. आजही बनते.

हे वाचल्यावर माझे मत ठाम झाले. प्राण्यावर प्रयोग करून त्याचा निष्कर्ष कपाटात ठेवला, तर प्रयोग थांबत नाही. तो पुढे माणसावर चालू राहतो, फक्त नोंद कोणी ठेवत नाही. ज्याला आपण कामगार म्हणतो, तोच पुढचा प्रयोगाचा प्राणी होतो.

आता दुसरी बाजू. प्राण्याची साक्ष दर वेळी खरीच ठरते, असे मी म्हणत नाही. १३ मार्च २००६ रोजी लंडनमधील एका रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना पैसे देऊन एका नव्या औषधाची पहिली टोचणी दिली. माकडांना जे प्रमाण निर्धोक ठरले होते, त्याच्या पाचशेव्या हिश्शाइतकेच प्रमाण होते. तरीही काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले, पण माकडाने दिलेले अभयपत्र माणसाला उपयोगी पडले नाही. उलट, सॅकरिनने उंदरांच्या मूत्राशयात गाठी येतात म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला. पुढे कळले की ती प्रक्रिया उंदराच्या लघवीच्या खास गुणधर्मामुळे होते. २००० मध्ये सॅकरिनचे नाव कर्करोगकारकांच्या यादीतून काढले गेले. साक्षीदार प्रामाणिक असला तरी चुकू शकतो. कोर्टात उलटतपासणी असते, तशी ती येथेही हवी.

प्राणीच नकोत, असे म्हणणाऱ्यांना १९३७ सालची अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. सल्फानिलामाइड हे औषध पातळ करण्यासाठी एका कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रव वापरला. एखाद्या उंदराला चमचाभर पाजून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ. त्यानंतर १९३८ मध्ये तेथे कायदा झाला की औषध विकण्याआधी ते निर्धोक असल्याचा पुरावा द्यावा.

आणि त्या मुक्या जिवांचे काय? हा प्रश्न टाळणे मला शोभणार नाही. आमच्या संघटनेत एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात पिंजरे धुणारे कामगार आहेत. त्यांतला एक मला म्हणाला, "पहिला महिनाभर मला जेवण गेले नाही. मग सवय झाली. आणि सवय झाली याचेच वाईट वाटते." मला हे बोलणे मोलाचे वाटते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे घालून दिली : जेथे प्राण्याविना भागेल तेथे प्राणी वापरू नका, वापरलात तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना कमीत कमी यातना होतील असे पाहा. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरल्यानंतर १९६० मध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा झाला आणि त्यात प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद झाली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ मध्ये बंदी आली. ठीकच झाले. लालीसाठी सशाचे डोळे जाळण्याचे समर्थन कोण करील? २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन मानवी पेशींवरच्या आणि संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या चाचण्यांनाही वाट मोकळी झाली. या पद्धती जसजशा कसाला उतरतील, तसतसे पिंजरे रिकामे होवोत. कोणाही कामगाराला त्याचे दुःख होणार नाही.

मी ते प्राणिगृह एकदा पाहिले. तेथे काम करणाऱ्यांना प्राण्यांच्या केसांमुळे आणि मूत्रामुळे दमा जडू शकतो, म्हणून मुखपट्ट्या आणि हवेची सोय मागायला आम्ही गेलो होतो. प्रत्येक पिंजऱ्यावर पत्रिका होती. प्राण्याचा क्रमांक, वजन, कोणते द्रव्य, किती, केव्हापासून. मेल्यावर त्याची चिरफाड होते, प्रत्येक अवयव तपासला जातो, आणि सगळे वर्षानुवर्षे जपून ठेवतात. मी परत येताना मनात हिशेब करीत होतो. ठेकेदाराकडे रोजावर येणारा आमचा माणूस भट्टीवर सहा महिने राहतो, मग दुसरीकडे जातो. कोणते द्रव्य, किती, केव्हापासून, यातले काहीच त्याच्या नावापुढे नसते. कित्येकदा मस्टरवर नावही नसते. वीस वर्षांनी त्याला गाठ आली, तर ती कशाने, हे सांगणारा एक कागद जगात नसतो. पिंजऱ्यातल्या उंदराला जी पत्रिका मिळते, ती भट्टीवरच्या माणसाला मिळत नाही.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात कलमे घातली गेली की धोक्याच्या प्रक्रियेची माहिती मालकाने कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला दिली पाहिजे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही त्याच आशयाची तरतूद आहे. तरतूद आहे, पण ती मागणारा हवा. म्हणून माझी मागणी मोठी नाही. पिंपावरचे नाव आपल्या भाषेत वाचता येईल असे असावे. त्या द्रव्याने कोणत्या प्राण्याला काय झाले, हे खात्याच्या भिंतीवर साध्या मराठीत लिहिलेले असावे. ठेकेदाराच्या माणसासह प्रत्येकाची पत्रिका असावी, आणि नोकरी सुटली तरी ती त्याच्या हाती यावी. हे फक्त कामगारांचे काम नाही. कारखान्यांना लागून आपली घरे आहेत, विहिरी आहेत, शाळा आहेत. आपण शहरवासीयांनी विचारले, तर उत्तर लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे.

ज्या प्राण्यांनी जीव देऊन काही सांगितले, त्यांचे ऋण फेडायचे तर निदान त्यांनी काय सांगितले हे ज्याचे त्याला पोहोचवावे. मामांना ते पोहोचले नाही. पुढच्या माणसाला पोहोचावे, म्हणून मी आज येथे आलो.